पांढऱ्या मातीचा ढीग

मे महिन्यातली दुपार होती. लाइट गेलेली, खिडकीला ओला पंचा लावलेला, आणि मी खाली बसून अडकित्त्यानं लोणच्याच्या कैऱ्या फोडत होते. भाच्याचा फोन शेजारी पिठाच्या डब्यावर पडला होता. कुणाचा तरी मेसेज आला आणि स्क्रीन उजळली. वर वेळ, तारीख, आणि त्याखाली हवामान: ११ अंश, पाऊस. लातुरात त्या दिवशी पारा चाळिशीच्या वर होता, घामानं माझे हात अडकित्त्यावरून सटकत होते. मला वाटलं फोन बिघडला. डोळे बारीक करून बघितलं तर आकड्याच्या वर बारक्या अक्षरांत गावाचं नाव होतं. खारकीव, युक्रेनमधलं. तो पाणी प्यायला आत आला तेव्हा मी सहज म्हणाले, "अरे, हे अजून तिकडचंच दाखवायलंय. बदल की." त्यानं फोन उचलला, पुसल्यासारखं करून पालथा ठेवला, माठातलं पाणी घेतलं आणि जाता जाता म्हणाला, "राहू दे मावशी."

कैऱ्या फोडून झाल्या, हळद-मीठ लावून झालं, लाइट आली, गेली, पुन्हा आली. माझ्या डोक्यातून ते "राहू दे" जाईना. त्याच्या बोलण्यात चीड नव्हती, दुःखही नव्हतं. एखाद्यानं पाहुण्याच्या खोलीत टेकवलेली पिशवी उचलायला जावं आणि "असू दे, लागंल मला" असं उत्तर यावं, तसा तो आवाज होता. आणि तो आवाज मी आधी कुठंतरी ऐकला होता.

मार्च २०२२ मध्ये तो परत आला तेव्हा आमच्या गल्लीनं त्याचं केवढं कौतुक केलं! बहिणीच्या दारात रांगोळी, ओवाळणी, पेढे, शेजारच्या काकांनी आणलेला हार. लातुरात डॉक्टर होण्याच्या वाटेवरच्या मुलाला आधीच मान असतो. इथली निम्मी गल्ली नीटची तयारी करणाऱ्या पोरांच्या खोल्यांनी आणि मेसच्या डब्यांनी भरलेली. त्यात हा युद्धातून आलेला. प्रत्येक जण त्याच्या पाठीवर हात ठेवून एकच वाक्य म्हणायचा, "घरी आलास, झालं." आणि दुसऱ्या दमात, "आता डिग्रीचं कसं?" तो मान हलवायचा. पुढं डिग्रीचंही झालं. उरलेली वर्षं त्यानं जॉर्जियात काढली, आता इथं बसून परदेशातून शिकून आलेल्यांना द्यावी लागते ती परीक्षा देतोय. आमच्या लेखी तो विषय संपला होता. पोरगं सुखरूप आहे, जेवतंय, अभ्यास करतंय. तो एका गावातून उठून आला, हे आमच्यातल्या कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आम्ही फक्त त्याचं येणं बघितलं.

त्या रात्री गच्चीवर अंथरूण टाकलं आणि आजी आठवली.

माझ्या वडिलांची आई. १९३१ चा जन्म, २००९ साली गेली. तिच्या बोलण्यात एक प्रश्न असायचा जो आम्हा पोरांना वेडेपणाचा वाटे. कुणी बाहेरगावाहून आलं, मग ते पुण्याचं असो की पंढरपूरचं, चहाच्या आधी ती विचारायची, "तिकडं पाऊस पडायलाय का?" भर उन्हाळ्यातसुद्धा. मराठवाड्यात पावसाचं विचारणं नवं नाही, इथं रामराम घालावा तसं लोक पावसाचं विचारतात. पण आजीचं विचारणं वेगळं होतं. ती उत्तर ऐकताना वर बघायची. आढ्याकडं. घरावर स्लॅब पडून वर्षं झाली तरी ती वरच बघायची.

हा प्रश्न तिनं पहिल्यांदा बार्शीत विचारला होता, १९४८ च्या पावसाळ्यात. ती तेव्हा सतरा वर्षांची, कडेवर माझे वडील. हे तिनं मला एकदम कधी सांगितलं नाही. शेंगा फोडताना थोडं, वाती वळताना थोडं, असं वर्षानुवर्षं जमा झालं. आमचं घर गोलाईच्या मागच्या जुन्या वस्तीत, मातीच्या भिंतींचं, वर माळवद. ज्यांनी माळवदाखाली दिवस काढले त्यांना सांगायला नको, पण आता स्लॅबखाली जन्मलेली पिढी वाचत असेल म्हणून सांगते. तुळया, त्यावर लाकडाच्या फळ्या, त्यावर काटक्यांचा थर आणि वर मातीचा जाड थर. ती माती साधी चालत नाही. काळी माती पाणी पिते, फुगते, उन्हाळ्यात तिला हाताएवढ्या भेगा जातात. माळवदाला पांढरी माती लागते, पाणी न पिणारी. दरवर्षी मृगाच्या आधी गाडीभर पांढरी माती आणायची, माळवदावरचं वाळलेलं गवत खुरपून काढायचं, उंदरांची बिळं बुजवायची, माती पसरून धुम्मस करायची आणि पन्हाळाकडं उतार धरायचा. हे काम एक वर्ष चुकलं तर घर गळतं. दोन वर्षं चुकलं तर तुळया कुजतात. तीन वर्षं चुकलं तर घर राहत नाही.

त्या वर्षी आजोबांनी माती आणवली होती. गाडी दारात रिकामी झाली, पांढऱ्या मातीचा ढीग ओट्याला लागून पडला, आणि मृग आठ दिवसांवर आला असताना निरोप आला की आज रात्रीच निघा. रझाकारांचा जोर त्या उन्हाळ्यात किती वाढला होता हे इथल्या घराघरांत सांगितलं गेलंय, मी पुन्हा काय सांगू. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी याच लातुरात वकिली केलेला माणूस. आजीच्या बोलण्यात त्याचं नाव यायचं ते भीतीनं नव्हे, ओळखीनं, "तो रझवी वकील, त्या तिकडच्या अंगाला राहायचा." आसपासच्या खेड्यांतून रोज जाळपोळीच्या बातम्या, आणि आजोबांचं नाव काँग्रेसवाल्यांच्या यादीत असल्याची कुणकुण. बैलांच्या गळ्यातली घुंगरं काढून गाडी निघाली. आजीनं बरोबर घेतलं ते एक बोचकं, ज्वारीचं पीठ, तिखटाची पुरचुंडी आणि वडिलांच्या अंगावरची कुंची. दोन रात्री प्रवास, दिवसा कुणाच्या तरी शेतातल्या कोठ्यात लपून. येडशीचा घाट उतरला की करोडगिरीचा नाका टळला, मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, संपली, इंग्रजी मुलूख लागला. इंग्रज जाऊन नऊ-दहा महिने झाले होते. पण आजीसाठी बार्शी शेवटपर्यंत इंग्रजी मुलूखच राहिली.

बार्शीत एका वाड्यात आठ बिऱ्हाडं. सगळी मोगलाईतून उठून आलेली. तीन दगडांच्या आठ चुली एका परसात. निजामाचा हाली रुपया तिथं चालत नव्हता. एरवी सात हालीला सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, असा हिशेब. पळून आलेल्या माणसाला सराफ म्हणेल तो भाव. आजीच्या हातातल्या पाटल्या पहिल्याच महिन्यात गेल्या. पुरुष दिवसभर बाहेर. सरहद्दीवर स्टेट काँग्रेसचे कॅम्प होते, बार्शीच्या बाजूला, उमरखेडकडं, आणखी कुठं कुठं. आजोबा तिकडं जायचे, काय करायचे ते घरात बोलायचं नाही असा दंडक होता. बायका मागं राहायच्या, धुणी-भांडी करायच्या आणि लातूरकडून कुणी आलं की पदर सावरून पुढं व्हायच्या. बाकीच्या विचारायच्या कोण वाचलं, कुणाचं घर जाळलं, अमक्याच्या भावाचं काय झालं. आजी विचारायची, "लातुरात पाऊस पडायलाय का?" सगळ्यांना वाटायचं पोरीचं डोकं फिरलं. तिच्या सासूनं एकदा सगळ्यांसमोर तिला झापलं, "माणसं मरायलीत आणि हिला पावसाची पडलीय."

तिला पावसाची नव्हती पडली. माळवदावर माती टाकायची राहिली होती. बळदात ज्वारी होती, वर्षाची. आणि पहिला मोठा पाऊस झाला की पाणी आधी कुठं गळणार हे तिला माहीत होतं, बळदाच्या उगवतीच्या कोपऱ्यावर, जिथं ती दरसाल घमेलं ठेवायची. बार्शीच्या त्या परसात बसून ती मनातल्या मनात रोज घमेलं सरकवत होती.

हे मला कळायला फार वर्षं लागली. आजीच्या त्या प्रश्नाला मी लहानपणी हसले, तरुणपणी त्याला आठवणींचा हळवेपणा म्हटलं. तो हळवेपणा नव्हता. गाव सुटलं तरी तिनं घर चालवायचं सोडलं नव्हतं, एवढंच. हाताशी काहीच नव्हतं, ना झाडू ना टोपलं ना शिडी. मग जे हाताशी होतं त्यानं ती चालवत होती. येणाऱ्याला विचारून.

१३ सप्टेंबरला भारताच्या फौजा निजामाच्या मुलखात शिरल्या, सोलापूरकडून येणारी मोठी फळी पहिल्याच दिवशी नळदुर्गात पोचली, १७ ला निजामानं हात टेकले. आजोबा बार्शीहून आधी एकटेच लातूरला गेले. पंधरा-वीस दिवसांनी येऊन बिऱ्हाड घेऊन गेले. आजी दिवाळीच्या तोंडावर आपल्या दारात उतरली. ती पहिल्यांदा वर बघत नव्हती, तिला धीर होत नव्हता. तिनं ओट्याकडं बघितलं. पांढऱ्या मातीचा ढीग होता, पण अर्धाच. राहिलेल्या अर्ध्यावर गवत वाढलेलं. कुलूप काढून आत गेली. जमीन कोरडी. बळदाचा उगवतीचा कोपरा कोरडा. ज्वारीला थोडी बुरशी धरली होती, तेवढीच. मग शिडी लावून वर गेली. माळवदावर माती पडलेली होती, दाबून बसवलेली, पन्हाळाकडं नीट उतार काढलेला. आमच्या माळवदावर आणि लागून असलेल्या शेजारच्या माळवदावर, एकसारखी.

शेजारचं घर तांबोळ्याचं. भिंत एक, माळवद एकाला एक लागून. त्या घरातल्या बाईला आजी बूबू म्हणायची. आजीच्या बाळंतपणात तिनं शेपा-बाळंतशेपा भाजून दिल्या होत्या, हे आजी प्रत्येक बाळंतपणाच्या वेळी सांगायची. बूबूच्या नवऱ्यानं जूनमध्ये आमच्या दारातली माती टोपल्यानं वर चढवली, दोन्ही माळवदांवर टाकली. मी मोठी झाल्यावर हे ऐकून भारावून जाऊन काहीतरी बोलले, तेव्हा आजीनं मला तिथंच थांबवलं. "भिंत एकच होती ना. आमचं माळवद गळालं असतं तर त्याची भिंत फुगली असती. त्यानं त्याचं बघितलं." ती हे इतक्या कोरडेपणानं म्हणाली की मला राग आला होता. आता वाटतं, त्या माणसाच्या चांगुलपणाचं ओझं तिला पेलवत नव्हतं. कारण ती शिडी उतरून खाली आली आणि शेजारच्या दारात गेली तेव्हा दार उघडंच होतं आणि आत कुणी नव्हतं. चुलीत राख, भिंतीतल्या खुंट्या रिकाम्या.

सतरा सप्टेंबरला आम्ही शाळेत झेंडावंदन करायचो, भाषणं द्यायचो, मीही दिलीत, आणि त्यातला शब्दन् शब्द खरा होता. त्या दिवसासाठी माणसांनी जीव दिलेत. पण आमची भाषणं सतरा तारखेला संपायची. अठरापासून दिवाळीपर्यंतचे दिवस कुणाच्याच भाषणात नसायचे. त्या वर्षीच्या शेवटी नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती इकडं पाठवली होती. त्या दिवसांत गेलेल्या जिवांचा, बहुतेक मुसलमानांच्या, त्यांचा अंदाज, तोही हात राखून केलेला, २७,००० ते ४०,००० असा होता, आणि सगळ्यात जास्त फटका बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होता. लातूर तेव्हा त्याच जिल्ह्यात. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढं आलाच नाही. मी आकडे वाचले ते आजी गेल्यावर. तिला ते वाचायची गरज नव्हती, तिला एक घर माहीत होतं. बूबू आणि लेकरं हैदराबादेला गेली, असं ती सांगायची. बूबूच्या नवऱ्याचं काय झालं, हे मी तिला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ती उठून दुसऱ्या कामाला लागली. आणि आजोबा एकटेच लातुरात होते त्या पंधरा-वीस दिवसांबद्दल ते शेवटपर्यंत बोलले नाहीत. आम्हीही विचारलं नाही. मुक्तीच्या लढ्यात माझ्या आजोबांचा हात होता याचा मला अभिमान आहे आणि ते गप्प बसले याची टोचणी आहे. दोन्ही माझ्यात एकाच वेळी आहेत, एकानं दुसरं पुसलं जात नाही.

बूबूचा मुलगा एकदा आला होता, चार-पाच वर्षांनी, घर विकायला. आजीनं पाणी दिलं. तो ओट्यावर बसला नाही, उभ्यानंच प्यायला. वर माळवदाकडं बघितलं आणि गेला.

हे सगळं मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या मेच्या रात्री गच्चीवर भाचा शेजारच्या सतरंजीवर पडला होता, आणि काय वाटलं कोण जाणे, मी त्याला माळवदाची गोष्ट सांगितली. तो ऐकत होता की झोपला होता हे कळत नव्हतं. बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, "मावशी, त्योत्याच्या खिडक्यांना काचा नाहीत."

त्योत्या म्हणजे आत्या. तिकडं वयानं मोठ्या, ओळखीच्या बाईला असं म्हणतात. हा आणि आणखी दोन पोरं सल्तिवका नावाच्या भागात एका मोठ्या इमारतीत सहाव्या मजल्यावर भाड्यानं राहायची. घरमालकीण समोरच्याच दारात. ट्रॅक्टरच्या कारखान्यात जन्मभर नोकरी करून निवृत्त झालेली. शब्दाला शब्द जुळायला लागेपर्यंत ती पोरांशी खाणाखुणांनी बोलायची आणि चपला बाहेर काढल्या नाहीत की ओरडायची. रशियाची हद्द तिथून जेमतेम पस्तीस-चाळीस किलोमीटर. २४ फेब्रुवारीला पहाटे पाचच्या सुमाराला पहिले धमाके झाले, तेव्हा ही तिघं उठून कॉरिडॉरमध्ये आली. ती आधीच कोट घालून उभी होती. तिनं तिघांना पासपोर्ट, पाणी आणि जाड मोजे एवढंच घ्यायला लावलं. मग हेरोइव प्रात्सीच्या मेट्रो स्टेशनात, जमिनीखाली, सहा दिवस. प्लॅटफॉर्मवर गाद्या, थांबलेल्या डब्यांत म्हातारी माणसं, संडासाला रांगा. तिथं त्योत्या रोज सकाळी गोळीबार थोडा थांबला की वर घरी जायची. सगळे रागवायचे. ती नळ सोडून बघायची, गॅस बघायची, कुंडीतल्या झाडाला पाणी घालायची आणि परत खाली यायची. "आम्हाला वाटायचं हिला मरायचंय," तो म्हणाला. मला बार्शीतल्या परसातली आजीची सासू आठवली.

१ मार्चला कर्नाटकातल्या हावेरीकडचा एक विद्यार्थी किराणा आणायला बाहेर पडला आणि तोफांच्या माऱ्यात गेला. दुसऱ्या दिवशी दूतावासाचा निरोप आला, संध्याकाळी ६ च्या आत शहर सोडा, पिसोचिन, बाबाई, बेझल्युदिवका यांपैकी कुठंही जा, वाहन नसेल तर चालत जा. निघताना त्योत्यानं काकडीच्या लोणच्याची मोठी बरणी त्याच्या हातात दिली. तळघरात हिवाळ्यासाठी घालून ठेवतात तसली, तीन लिटरची, काचेची. नको म्हणायची सोय नव्हती. ती छातीशी धरून तो शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाबाहेर चालत निघाला. बर्फ पडलेलं, मध्येच आवाज झाला की जमिनीवर पडायचं, आणि हातात काच. कुठंतरी अर्ध्या वाटेत त्यानं ती एका बसस्टॉपच्या बाकावर ठेवून दिली. पुढं पिसोचिनमधून बस, सीमा, विमान. आपल्या सरकारची ऑपरेशन गंगाची ९० विमानं आली, त्यातल्या एकात हा. घरी पोचल्यावर त्योत्याचा पहिला मेसेज आला तो बरणीबद्दल. लोणचं संपलं का? "मी सांगितलं, सगळ्यांनी मिळून खाल्लं, फार छान होतं." हे सांगताना त्याचा आवाज चिरकला. इतक्या वर्षांत बाकी कशानं चिरकला नव्हता.

त्योत्या अजून तिथंच आहे. तिची मुलगी नातीला घेऊन पोलंडला गेली. जावई मागं राहिला, कारण तेव्हा १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी होती. म्हणजे एका घराची तीन गावं झाली. मुलगी तिकडून फोनवर आईच्या घराचं वीजबिल भरते, आईच्या औषधांच्या वेळा सांभाळते, नातीचा गृहपाठ आजीला फोटोनं पाठवते. खारकीवमध्ये राहिलेल्या पोरांसाठी मेट्रोच्या स्टेशनांत वर्ग भरायला लागले, २०२३ च्या सप्टेंबरपासून. जमिनीखाली बाकं, फळा, घंटा. पण नात तिकडं पोलंडमध्ये, नव्या भाषेत पाढे म्हणतेय. त्योत्याच्या चारही खिडक्यांच्या काचा पहिल्याच वर्षी उडाल्या. तिथं आता अर्ध्या शहराच्या खिडक्यांना असतात तशा लाकडी भुश्श्याच्या फळ्या ठोकल्यात. आत दिवसाही अंधार. इमारतींना उष्णता पुरवणारी व्यवस्था शहराची असते, घराघरात तीच एक. २०२४ च्या मार्चमध्ये खारकीवची वीजकेंद्रंच उद्ध्वस्त केली गेली. मग थंडी किती पडली यावर सगळं अवलंबून. "उणे पाच असलं की ती स्वयंपाकघरात झोपते. उणे बाराच्या खाली गेलं की जावयाकडं जाते. म्हणून मी बघतो. फोन केला की ती सगळं ठीकच म्हणते. हवामान बघितलं की कळतं ती कुठं झोपली असंल."

मग थोड्या वेळानं, "आणि पाऊस असला की फळ्या फुगतात."

मी काही बोलले नाही. फुगतात हा शब्द ऐकून अंगावर काटा आला.

दोन गोष्टी एकमेकींत बसवायचा मोह मला होतोय, आणि तो मला आवरायला हवा. माझ्या भाच्याला परत यायला घर होतं, आई होती, त्याच्या नावाची खोली होती. हे तोच सगळ्यात आधी म्हणतो. "मी कुठं निर्वासित? मी भाडेकरू होतो." आजी पाचेक महिन्यांत आपल्या घरी परतली. ज्यांना परतता आलं नाही ती बूबू, आणि आता पोलंडमधली ती नात, त्यांचं दुःख आमच्या घराच्या हिशेबात धरायचा मला हक्क नाही. तरी एक सांगते. भाच्याला आम्ही घरी आलास असं म्हणत राहिलो तेव्हा त्याच्याकडं काही शिल्लक आहे हे आम्ही त्याला म्हणू दिलं नाही. त्या गावात त्याची चार वर्षं होती, कुठल्या दुकानात काळा ब्रेड ताजा मिळतो हे माहीत होतं, कुठल्या जिन्यातला दिवा लागत नाही हे माहीत होतं. एका बाईच्या खिडकीची चिंता होती. ती चिंता करायला त्याला आमच्या घरात जागाच नव्हती, म्हणून त्यानं ती फोनच्या स्क्रीनवर, तारखेच्या खाली ठेवली.

आजीच्या शेवटच्या दोन वर्षांत तिचं भान येऊन जाऊन असायचं. मला ती कधी माझी आत्या समजायची, कधी ओळखायचीच नाही. पण मे महिना सरत आला, आभाळ दुपारनंतर भरून यायला लागलं की ती खाटेवरून हाक मारायची, "माती टाकली का रे वर?" वडील आधी समजावून सांगायचे की आई, आता स्लॅब आहे, माती लागत नाही. तिला ते पटायचं नाही, ती चिडायची, रडायची. मग वडिलांनी समजावणं सोडलं. ते म्हणायचे, "टाकली आई. सकाळीच टाकली." "दोन्हीकडं?" "दोन्हीकडं." मग ती कुशीवर वळून झोपायची. शेजारी तेव्हा मोबाइलचं दुकान आणि वर क्लासचा बोर्ड होता. हा भाचा तेव्हा सात-आठ वर्षांचा, खाटेच्या पायथ्याशी बसून गृहपाठ करायचा. गच्चीवर मी त्याला विचारलं, तुला पणजीचं ते आठवतं का? म्हणाला, "दोन्हीकडं, हे आठवतं. कशाच्या दोन्हीकडं ते माहीत नव्हतं."

आता जून लागलाय. लोणचं मुरलं, बरणीला फडकं बांधून झालं. तो फोन पुन्हा पिठाच्या डब्यावर चार्जिंगला लावून अभ्यासाला बसतो. काल संध्याकाळी वळवाचे टपोरे थेंब आले, मातीचा वास उठला, मी खिडकी लावायला उठले आणि स्क्रीनकडं नजर गेली. आतल्या खोलीत तो पुस्तकावर वाकलेला होता.

"काय रे," मी हाक मारली, "तिकडं पाऊस पडायलाय का?"

त्यानं मान वर केली. क्षणभर माझ्याकडं बघितलं.

"नाही. परवा झाला थोडा. दोन खोल्यांच्या काचा बसल्या म्हणे. बाल्कनीची राहिलीय."